केरबानं पक्षाची भूमिका पाळली

तळेशिवणी गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण तो इथं लिहिला तर बायाबापड्या पुस्तक मिटून ठेवतील.

अंगानं केरबा रेड्यासारखा. गव्हाचं पोतं एका खांद्यावर टाकून माडीवर चढायचा आणि वर गेल्यावर विचारायचा, "आता उतरू का?" उतर म्हटलं की पोत्यासकट उतरायचा. सांगितलेलं सगळं करायचा. सांगितलेलंच करायचा. त्याच्यात खोट काढायला जागाच नसायची, आणि गावाची पंचाईत तीच होती.

केरबाचा सख्खा मामा रंगराव बोडके. जनहुंकार पक्षाचा तालुकाप्रमुख. तालुकाप्रमुख म्हणजे काय, तर पुढारी यायचे असले की सतरंज्या अंथरायच्या आणि पुढारी गेले की सतरंज्या झटकायच्या. रंगरावानं उभी जवानी सतरंज्या झटकण्यात घालवली. केस पिकले, गुडघे गेले, साखर लागली. दोनदा जिल्हा परिषदेचं तिकीट त्याच्या तोंडाशी आलं आणि दोनदा दुसऱ्याच्या तोंडात गेलं. आता ही शेवटची खेप. तिकीट मिळेपर्यंत गोड खाणार नाही, असा त्यानं खंडोबाला नवस केला होता. डॉक्टरनं गोड आधीच बंद केलं होतं, पण ते खंडोबाला कोण सांगायला जातंय?

त्याच दिवसांत सरकारनं एक कायदा काढायचा घाट घातला. मोबाईलवर कुणी काय लिहावं आणि काय लिहू नये, ते म्हणे सरकार ठरवणार. सरकारला जे खपणार नाही ते सरकार पुसणार, आणि लिहिणाऱ्याला बोलावून घेणार. सरकार म्हणालं, यानं अफवा बंद होतील. जनहुंकार पक्ष म्हणाला, यानं तोंडं बंद होतील. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून भांडण चांगलं रंगलं.

पक्षाचा हुकूम आला. गावोगाव मोबाईलवर ग्रुप काढा, लोकांना बोलतं करा, कायद्याला विरोध करा. ज्याचं काम उठून दिसेल त्याच्या तिकिटाचा विचार होईल.

रंगरावानं ग्रुप काढला. नाव ठेवलं 'तळेशिवणीचा आवाज'. आणि तो सांभाळायला बसवला केरबाला.

रंगरावाची बायको म्हणाली, "अहो, गावात शिकलेली पोरं काय मेली का?"

"शिकलेला माणूस स्वतःचं डोकं चालवतो," रंगराव म्हणाला. "ह्यो सांगितलेलं करतो."

झालं. माणसाचा घात त्याच्या हुशारीनंच होतो.

रंगरावानं केरबाला समोर बसवलं, हातात मोबाईल दिला आणि पहिला धडा दिला.

"केऱ्या, आपल्या पक्षाची भूमिका नीट ऐक. माणूस चांगलं लिहू दे, वाईट लिहू दे, आपण पुसायचं न्हाई. लिहिलेलं पुसणं म्हणजे माणसाचा गळा दाबणं. कळलं?"

"कळलं, मामा. पुसायचं न्हाई."

"आणि कुणी पुसायला आला तर?"

"पुसू द्यायचं न्हाई."

"शाबास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगरावाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहून ठेवलं होतं, 'रंगराव पाणीचोर'. त्यात खोटं असं फारसं नव्हतं. रंगरावानं गावच्या नळाला गुपचूप मोटार लावली होती, आणि गल्लीच्या टोकाला गजराबाई म्हातारीच्या नळातून नुसती हवा यायची. पण खरं असलं म्हणून काय झालं? भिंत आपली असते.

रंगराव तालुक्याला गेलेला. मामी चुन्याची बादली घेऊन बाहेर आली. बघते तर केरबा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा.

"मामी, हात लावायचा न्हाई. पक्षाची भूमिका हाय."

"कसली रे मेल्या भूमिका? तुझ्या मामाच्या अब्रूला काळं फासलंय कुणीतरी!"

"माणसानं लिहिलंय, मामी. त्याचा गळा दाबू नका."

मामीनं शिव्या दिल्या. बादली आपटली. केरबा हलला नाही. दुपारपर्यंत तसाच उभा. मग घामानं पाठ भिजली, अंग खाजवायला तो जरा वळला, आणि बघतो तर त्याच्या सदऱ्याला पुसून 'चोर' गेलेलं. नुसतंच 'रंगराव पाणी' उरलेलं. आपल्याच पाठीनं माणसाचा गळा दाबला की! त्यानं चुलीतला कोळसा आणला आणि 'चोर' परत लिहिलं. पुन्हा पुसू नये म्हणून चांगलं ठळक लिहिलं. मग बाकीची अक्षरं त्यापुढं फिकी दिसायला लागली, म्हणून तीही गिरवली.

संध्याकाळी रंगराव परत आला तो पक्षाची जिल्ह्याची मंडळी घेऊनच. पाहुणे भिंतीपाशी थांबले. वाचलं. एकमेकांकडं पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे."

"माझंच हाय," केरबा म्हणाला.

पाहुणे चहा पिऊन गेले. त्यांनी आणलेल्या पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. रंगरावानं आधी पायातलं पायताण काढलं, मग धडा दिला.

"अरं गाढवा! ती भूमिका दुसऱ्यांसाठी! माझ्याबद्दल कुणी वाईट बोललं, तर लगीच पुसायचं! आणि बोलणाऱ्याला उचलून भाईर फेकायचं! कोण, कुठला, इचारत बसायचं न्हाई!"

"असं आधीच सांगायचं की, मामा."

रागाचा आणि खंडोबाची नजर चुकवून खाल्लेल्या त्या पेढ्यांचा परिणाम एकच झाला. रंगरावाला चक्कर आली. तालुक्याहून फटफटीवर डॉक्टर शेटे आले. त्यांनी नाडी पाहिली, बोट टोचलं, चिठ्ठीवर औषध लिहिलं आणि मान हलवली.

"रंगराव, तब्येत वाईट आहे. साखर फार वाढलीये. असंच चाललं तर काही खरं नाही."

दाराशी बसलेल्या केरबाचे कान टवकारले. मामाबद्दल वाईट! तेही मामाच्या घरात, मामाच्या तोंडावर! तो उठला. डॉक्टरांना काखेत धरून त्यानं अलगद उचललं आणि अंगणातून चालायला लागला.

"अरे, अरे! मी डॉक्टर आहे!"

"कोण, कुठला, ते मी इचारतच न्हाई."

डॉक्टरांना रस्त्यावर ठेवलं. बॅग त्यांच्या हातात दिली. फटफटीही उचलून आणून शेजारी ठेवली, कारण वस्तू ज्याची त्याला द्यावी. मग केरबा आत आला, अंगठ्याला थुंकी लावून त्यानं चिठ्ठी पुसली. शाई नीट जाईना, म्हणून जनावरांच्या हौदात धुऊन काढली आणि दोरीवर वाळत घातली.

"पुसलं, मामा. आता तुम्हाला साखर न्हाई."

रंगराव आजारी अंगानं एसटीत बसून तालुक्याला गेला. डॉक्टरांचे पाय धरले, औषध आणलं. आल्यावर त्यानं तिसरा धडा दिला. ह्या वेळी पायताण उचलायची ताकद नव्हती, म्हणून नुसताच दिला.

"बाबा रे, आधी खात्री करत जा. कुणी काही बोललं की लगीच उडी मारायची न्हाई. खरं का खोटं बघायचं. दोन माणसांना इचारायचं. दोघं व्हय म्हणाले की मग हातपाय हलवायचे. साऱ्या मुलखाला हाच रोग लागलाय. ऐकलं की उडी, ऐकलं की उडी."

"दोन माणसं," केरबा म्हणाला आणि दोन बोटं दुमडून ठेवली, विसरू नये म्हणून.

चार दिवसांनी भर दुपारी नामा सुतार धापा टाकत आला.

"केरबा, पळ! तुझ्या मामाची कडब्याची गंजी पेटली!"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय!"

"तू एक झालास. दुसरा आण."

"अरं तो धूर बघ की, धूर!"

"धूर काय, कशाचाबी असतो. धुराची साक्ष चालत न्हाई."

नामानं कपाळावर हात मारला. रस्त्यानं खंडू चालला होता, त्याला ओढून आणलं. खंडू म्हणाला, गंजी पेटली, मी डोळ्यांनी बघितलं. केरबानं त्याला नीट न्याहाळलं.

"ह्यो पलीकडच्या पक्षाचा. ह्याची साक्ष नगं. ह्यो उद्या फिरंल."

आणि तो शांतपणे गल्लीच्या टोकाला गेला. गजराबाई दारात रिकामी कळशी घेऊन बसली होती.

"मावशी, मामाची गंजी पेटली हे खरं का?"

"खरं रे, बाबा! आणि माझ्या नळाला पाणी असतं तर मी विझवलीबी असती! पण तुझा मामा पाणी सोडंल तर ना!"

"व्हय का न्हाई, तेवढंच सांगा."

"व्हय, व्हय, व्हय!"

"एकदा म्हणलं तरी चालतं," केरबा म्हणाला आणि मळ्यात गेला. तिथं राखेचा ढीग होता आणि ढिगाशेजारी डोक्याला हात लावून रंगराव बसला होता.

"मामा, बातमी खरी हाय. दोघांनी सांगितलं. आता पाणी आणू का?"

रंगरावानं मूठभर राख उचलून त्याच्या अंगावर फेकली आणि चौथा धडा दिला.

"अरं, असल्या वक्ताला बोंब मारायची! माझ्या घरातलं, माझ्या दारातलं काहीबी ऐकलंस, की त्या घटकेला गावाला कळलं पाहिजे! ग्रुपवर टाक! देवळाच्या भोंग्यावरनं वरड! थांबायचं न्हाई!"

"आता कसं! हे सोपं हाय," केरबा म्हणाला.

त्याच संध्याकाळी रंगराव परातीत गरम पाणी घेऊन पाय शेकत बसला होता. मामी गुडघ्याला तेल चोळत होती. केरबा चुलीवरून पाणी आणून ओतत होता. माणूस थकला की खरं बोलतो. रंगराव म्हणाला,

"एक सांगू का गं? ह्यो कायदा आला तर बरंच हुईल. भिंतीवर लिहिणारी, मोबाईलवर बरळणारी टवाळ पोरं एकदा आत जातील. सरकारचं काही चुकत न्हाई."

"मग तुम्ही विरोधात कशाला बोंबलताय?"

"तिकीट कुठल्या पक्षाचं मागतोय मी? सरकारच्या का?"

मामीनं पुढचं बोलायला तोंड उघडलं, तोवर घरात केरबा नव्हता. पाण्याचं भगुणं मधेच ठेवून तो गेला होता. वाटेत एकेक अक्षर शोधत त्यानं ग्रुपवर लिहिलं. मग देवळात शिरला. आरती चालली होती. त्यानं गुरवाच्या हातातून माईक घेतला.

"ऐका हो ऐका! रंगराव मामा आता घरात म्हणाले, कायदा आला तर बरंच हुईल! सरकारचं काही चुकत न्हाई! नुसतं तिकिटापायी बोंबलतोय! पाय परातीत हायत!"

आरती थांबली. गजराबाई तेवढी म्हणाली, "बरं झालं. मामाला अक्कल आली म्हणायची."

घटकाभरात रंगरावाला फोन आला. पक्षाचे प्रदेशाध्यक्ष दिनकरराव शेळमकर स्वतः बोलत होते. रंगराव परातीतच उभा राहिला.

"अफवा, साहेब! पलीकडच्या पक्षाची अफवा! असल्या अफवा पसरवणाऱ्यांना धरून आत टाकलं पाहिजे!"

"म्हणजे कायदा पाहिजे म्हणताय?"

"न्हाई न्हाई! कायदा नको! नुसतं आत टाकायचं!"

"भोंग्यावरचा आवाज तुमच्या भाच्याचा होता म्हणे."

"आवाज चोरतात, साहेब, आजकाल. मशीननं."

अध्यक्षांनी तो विषय तिथंच सोडला. मग म्हणाले, "ठीक आहे. रविवारी मीच येतो. तुमच्या दारात सभा घेऊ. लोकांचा कल बघतो आणि तिकीट कुणाला ते तिथंच सांगतो."

रंगरावानं फोन ठेवला. मामी म्हणाली, "त्या दिवशी ह्या केरबाला गोठ्यात बांधून ठेवा."

"बांधला असता. पण सतरंज्या कोण उचलणार? माझं गुडघं ऱ्हायल्यात का आता?"

मग त्यानं केरबाला जवळ बसवलं. ओरडला नाही, मारलं नाही. देवाची पोथी सांगावी तसा हळू आवाजात बोलला.

"केरबा, पोरा, माझं म्हातारपण तुझ्या हातात हाय. नीट ऐक. भूमिका दोन असतात. एक भाईरची, एक घरची. भाईरची म्हंजे सगळ्यांना बोलू द्यायचं, कुणाचं पुसायचं न्हाई. घरची म्हंजे माझ्याबद्दल वाईट बोलला की उचलून फेकायचा. भाईर असलास की भाईरची लावायची. घरात असलास की घरची लावायची. कळलं?"

केरबानं पुष्कळ विचार केला. कपाळावर आठ्या पडल्या.

"आणि उंबऱ्यावर असलो तर?"

"उंबऱ्यावर असलास तर मला इचार!" रंगराव म्हणाला. आणि आपण अवघड गोष्ट किती सोपी करून सांगितली, या समाधानात झोपी गेला.

रविवार उजाडला. केरबानं एकट्यानं मांडव घातला. तो घातला रंगरावाच्या ओट्यापासून ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत. निम्मा अंगणात, निम्मा रस्त्यावर. सतरंज्या अंथरल्या. भिंतीला चुना लागला. मामीनं मागच्या दारी जिलब्या तळून ठेवल्या. तिकीट जाहीर झालं की पहिली जिलबी रंगरावाच्या तोंडात, नवस फिटला. केरबा मात्र मांडवाच्या मधल्या खांबाला धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता. एक पाय अंगणात होता, एक रस्त्यावर.

अध्यक्ष आले. हार झाले. रंगरावानं भाषण केलं. सरकार लोकांची तोंडं बांधतंय, आम्ही बांधू देणार नाही, बोलणाऱ्याला बोलू द्या, वगैरे. छान बोलला. हातही वर केला. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून गजराबाई उठली.

"मग मी बोलू का जरा? अध्यक्षसाहेब, गावचं पाणी कुठं जातं, ते तेवढं ह्या रंगरावाला इचारा."

रंगरावाचं तोंड कडू झालं. अध्यक्ष मात्र खूष झाले. "बोला, आजी, बोला! आमच्या पक्षात कुणाचं तोंड धरत नाहीत!"

रंगरावानं केरबाकडं डोळे वटारले. म्हणजे म्हातारीला बसव. केरबानं एकदा अंगणातल्या पायाकडं पाहिलं. एकदा रस्त्यावरच्या पायाकडं पाहिलं. आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मामा! भाईरची लावू का घरची?"

मांडवातली डोकी केरबाकडं वळली.

"काय म्हणतोय हा?" अध्यक्षांनी विचारलं.

रंगराव गडबडला. डोक्यात येईल ते तोंडातून बाहेर पडलं. "मोटार, साहेब. मोटारीचं इचारतोय."

"कसली मोटार?"

"पाण्याची."

"बघा!" गजराबाईनं हात नाचवले. "मला वाटलं होतं एकच हाय! दोन दोन हायत! भाईरची निराळी, घरची निराळी!"

मांडव असा हसला की गाईगुरं बुजली. रंगराव दातओठ खात केरबाजवळ गेला आणि म्हणाला, "घरची लाव आणि गप ऱ्हा!"

"बरं, मामा. घरची." केरबाचा चेहरा उजळला. त्यानं रस्त्यावरचा पाय अंगणात घेतला आणि जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीमागं उभा राहिला.

अध्यक्ष मुरलेले होते. ते लोकांबरोबर हसले. गजराबाईला म्हणाले, "आजी, उद्या तुमच्या नळाला पाणी येईल, माझा शब्द." रंगरावानं मान डोलावली. डोलावणार नाही तर करील काय? मग अध्यक्ष माईक घेऊन उभे राहिले.

"मंडळी, हसणारं गाव मला आवडतं. आता कामाचं बोलतो. ह्या रंगरावांनी उभं आयुष्य पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. कधी खुर्ची मागितली नाही."

मागितली होती, पण ते असो. रंगरावाचे डोळे भरून आले. मामी पदराआड जिलबीची ताटली घेऊन दारात आली. रंगरावानं दोन्ही हात जोडले.

"मला ठाऊक आहे," अध्यक्ष म्हणाले, "रंगरावांची तब्येत वाईट आहे. साखर फार वाढलीये. तरीही ह्या भागाचं तिकीट मी..."

आणि अध्यक्ष वर गेले.

केरबानं त्यांना पोत्यासारखं खांद्यावर घेतलं होतं. हातात माईक तसाच. वायर तुटेपर्यंत माईकमधून "अरे! अरे!" ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. लोकांना वाटलं, तिकीट जाहीर झालं, पुढाऱ्याला खांद्यावर घेतला, मिरवणूक निघाली. आपल्याकडं पुढारी खांद्यावर दिसला की हात आपोआप वर जातात. हलगी कडाडली. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. "आगे बढो, आगे बढो" म्हणत पोरं मागं लागली. अध्यक्ष खांद्यावरून हात हलवत होते. लोकांना वाटलं, नमस्कार करतायत.

"थांबवा! अरं थांबवा त्याला!" रंगराव धावला. त्याचा पाय सतरंजीत अडकला. आयुष्यभर ज्या उचलल्या, त्यांतलीच एक. तो आडवा झाला तो तिथंच बसून राहिला.

बऱ्याच वेळानं केरबा एकटाच परत आला. अंगावर गुलाल होता.

"काढला भाईर, मामा. वेशीच्या पल्याड ठेवून आलो."

"केऱ्या..." रंगरावानं कपाळाला हात लावला.

"पण ह्या खेपेला खात्रीबी केली. त्यांना इचारलं, मामाला वाईट म्हणालात हे खरं का? तर म्हणाले, गाढवा, तुझ्या मामालाच तिकीट देत होतो की रे! मी म्हणलं, असंल, पण दोन माणसं आणा साक्षीला. पोरं वेशीतनंच माघारी फिरलेली, त्यांचा डायवर तेवढा आला होता गाडी घेऊन. एकच भरला."

"मग?"

"मग लई तापले. म्हणाले, सांग तुझ्या मामाला, ह्या जन्मात तिकीट न्हाई. म्हणलं, ही तर मामाच्या घरातली बातमी. गावाला कळली पाहिजे. लगीच ग्रुपवर टाकली."

रंगराव ताडकन उठला. गुडघ्यांचं दुखणं विसरला. "काय लिहिलंस?"

केरबानं मोबाईल दूर धरून वाचलं. "अध्यक्षांनी मामाला ह्या जन्मात तिकीट न्हाई सांगितलं. मामाची तब्येत वाईट हाय. साखर फार वाढलीये."

"पूस! आधी ते पूस! अजून जिल्ह्यानं वाचलं नसंल! अध्यक्षांची गाडी फाट्यावर चहाला थांबती. मी जाऊन पाय धरतो. पदरात घेतील. मऊ माणूस हाय तो. पण ते लिहिलेलं ऱ्हायलं तर सगळं संपलं! पूस, माझ्या राजा, पूस!"

"पुसतो की. तुमच्याबद्दल वाईट हाय, आणि आपण अंगणात हाय. घरचीच लागती." केरबानं अंगठा मोबाईलवर नेला. आणि सहज मामाकडं पाहिलं. मामाचं तोंड पांढरंफटक, ओठ कापत होते, अंगभर माती.

केरबाला कळवळा आला. भोळा असला तरी भाचा होता.

"मामा," तो म्हणाला, "तुमची तब्येत लई वाईट दिसती हो."

आणि त्याचा अंगठा तिथंच थांबला.

आपण काय बोललो, ते त्याच्या ध्यानात आलं. मामाबद्दल वाईट. मामाच्या अंगणात. मामाच्या तोंडावर. मामाचा माणूस असला म्हणून काय झालं? कोण, कुठला, विचारायचं नाही असं ठरलं होतं. केरबानं डाव्या हातानं स्वतःचीच मानगूट पकडली.

"चल रे," तो स्वतःला म्हणाला, "भाईर हो."

आणि स्वतःला ओढत, ढकलत, मोबाईलसकट तो अंगणाबाहेर पडला. गल्ली ओलांडली, देऊळ ओलांडलं, वेशीच्या पलीकडं गेला आणि तिथं त्यानं स्वतःला धाडकन आपटलं.

रंगराव लंगडत लंगडत वेशीपर्यंत आला. दम लागलेला. तिथूनच ओरडला,

"अरं, कुठंबी जा! काशीला जा! पण तेवढं पुसून जा!"

पलीकडून केरबा कपडे झटकत उठला. कान धरून त्यानं मामाला नमस्कार केला.

"आता न्हाई जमायचं, मामा! मी भाईर हाय! भाईर पुसायचं न्हाई!"